कात्रीचा खिसा

माझ्या हातून शिवले गेलेले सगळ्यात चांगले कपडे ज्यांनी घातले, त्यांना पाठच नव्हती. गणपतीच्या हलत्या देखाव्यातला पुतळा पुढून माणूस असतो आणि मागून नुसता सांगाडा. लाकडी पट्ट्या, सायकलची चेन, वायरी आणि गाडीच्या काचेवरचं पाणी पुसणारी वायपरची मोटर. म्हणून त्याचा सदरा मागून उघडा ठेवायचा, टाचण्यांनी अडकवायचा, आणि कोपराशी कापड जास्त सोडायचं, नाहीतर हात वर जाताना बाही उसवते. पुतळा गिऱ्हाईक म्हणून फार चांगला. ट्रायलला उशिरा येत नाही आणि मागच्या वेळेपेक्षा पोट सुटलेलं असूनही माप तेच ठेवा, असा हट्ट धरत नाही.

आमचं दुकान जुन्नर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी होतं. ओतूरपासून एसटीनं फार लांब नाही, एवढंच सांगते. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते लोक किंवा त्यांची मुलं अजून तिथंच राहतात. पॅण्ट-शर्ट यजमान कापायचे आणि जाकिटाचं काम माझ्याकडे असायचं. हे काम मी वडिलांकडून घोडेगावला शिकले. तालुक्याचं ठिकाण असल्यानं तिथं कचेरीत कामं घेऊन येणाऱ्या पुढाऱ्यांची वर्दळ असे आणि वडिलांचा सगळा धंदा त्यांच्यावरच चाले. वडील सांगायचे, पुढाऱ्याचा मुंढा, म्हणजे बाहीपाशी काखेचं जे भोक असतं ते, दोन बोटं मोठा ठेव. त्याला दिवसातून शंभरदा हात डोक्यावर नेऊन नमस्कार करायचा असतो. शेतकऱ्यानं हौसेनं जाकीट शिवलं तर त्याला एवढी जागा लागत नाही, कारण तो नमस्कार छातीपाशीच करतो. वडिलांचं हे बोलणं मी पुढं चाळीस वर्षं वापरलं आणि ते कधी चुकलं नाही.

देखाव्याचं काम माझ्याकडे आणलं बाळूनं. आमच्या दुकानापासून दोन घरं सोडून त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतातल्या पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचा आणि पेठेतल्या गणपती मंडळाचा अध्यक्षही तोच. पुण्याच्या कुठल्याशा मंडळानं टाकून दिलेले पुतळे त्यानं टेम्पोत घालून आणले होते. एक वसुदेव, एक कंस, सात-आठ गोपी आणि दोन पहारेकरी. पहिली दोन वर्षं कृष्णजन्म दाखवून झाला. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "वैनी, हेच पुतळं, पर आता गावचंच कायतरी दावू. देवाचं लोकांला पाठ हाय."

अशी आमच्याकडे पुढाऱ्यांची थट्टा सुरू झाली. हे नव्वदीच्या सुरुवातीचं सांगते आहे. वर्तमानपत्रात कोणी काय लिहिलं, ते पारावर चारजण वाचायचे. देखावा बघायला मात्र आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बैलगाडीनं आणि ट्रॅक्टरनं माणसं येत. गणपतीपुढं कोणी मारामारी करत नाही आणि पुतळ्यावर कोणी खटलाही भरत नाही, हा बाळूचा हिशेब होता.

पहिल्याच वर्षी आमचा बेत फसला. रस्त्याचं डांबर खाऊन टाकणारा ठेकेदार दाखवायचा होता. कंसाचं डोकं, हातात चमचा, समोर डांबराचं पिंप. हात खाली जाणार आणि तोंडाकडे येणार. त्याला करड्या रंगाचा सफारी घालायचं ठरलं, कारण खरा ठेकेदार तसाच सफारी घाले. जुन्नरच्या करीमशेठकडून यजमानांनी त्या कापडाचा अख्खा तागा उचलला होता. उरलेल्या तुकड्यात मी पुतळ्याचा सफारी बसवला आणि स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे हेडमास्तर दुकानात आले. त्यांचा चेहरा पडला होता. विचारू लागले, मी कुणाचं काय खाल्लं? त्यांच्यामागोमाग सोसायटीचे सेक्रेटरी आले. दुपारी आमचे व्याहीच आले. तेव्हा आमच्या लक्षात आलं की त्या एका ताग्यातून आम्ही अर्ध्या गावाला सफारी शिवून दिले होते. ज्याच्या त्याच्या मनात काही ना काही होतंच, त्यामुळे जो तो घाबरला. घाबरला नाही तो एकटा ठेकेदार. तो सहकुटुंब आला, देखावा दोनदा बघितला आणि मंडळाचं कौतुक करून गेला.

त्या दिवशी मी कानाला खडा लावला. कापडावरून माणूस ओळखू येत नाही, बेतावरून येतो. कोणाचा खांदा उतरता, कोण कॉलर मागं टाकतो, कोणाचं शेवटचं बटण कायम उघडं, हे शिवणाऱ्याला माहीत असतं आणि बघणाऱ्यालाही माहीत असतं, फक्त त्याला ते सांगता येत नाही. तोंड कोणाचंही लावा. कपडा त्याच्या बेतानं शिवला की लहान पोरसुद्धा नाव घेतं. त्यानंतर आमचा पुतळा कधी चुकला नाही.

आता आबांकडे येते. आबा आमच्या भागातले मोठे पुढारी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. लग्नाला येत, मयताला त्याहून लवकर येत. त्यांना नाद एकच, उद्घाटनाचा. एकदा डोंगराकडच्या एका वाडीत फीत कापायला गेले तर तिथली कात्री बोथट निघाली. फीत चावल्यासारखी नुसती मुडपत राहिली, कापली जाईना. शेवटी त्यांनी ती हातानं ओढली आणि फितीबरोबर कमानीचा बांबूही खाली आला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी आबा माझ्या दुकानात हजर. म्हणाले, "वैनी, मला तुमची कात्री द्या आन् जाकिटाला आतून खिसा करा. आता दुसऱ्याच्या कात्रीवर भरवसा न्हाई."

माझ्याकडे वडिलांनी दिलेल्या एकसारख्या दोन कात्र्या होत्या, पितळी मुठीच्या. त्यातली एक मी त्यांना दिली. जाकिटाच्या डाव्या बाजूला अस्तरात बुकरमचं जाड, कडक कापड घालून लांबट खिसा केला. पण कात्री ती कात्रीच. तिच्या वजनानं जाकीट डावीकडे ओढायचं आणि आबांचा डावा खांदा कायम थोडा पडलेला दिसायचा. मी परोपरीनं प्रयत्न केला, पण ते सरळ काही झालं नाही. पुढं पुढं लांबून जीपमधून कोणी उतरलं की लोक आधी तो खांदा बघायचे आणि मग उठून उभे राहायचे. आबा फितीजवळ गेले की हात आत घालत, कात्री बाहेर काढत आणि लोक टाळ्या वाजवत. धार लावायला ती कात्री माझ्याकडेच येई.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. आमच्या बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधून झालं. त्याआधी तिथं काय होतं, तर काही नव्हतं. पुरुष कुठंही भिंतीकडे तोंड करतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. पण बाजाराच्या दिवशी डोंगरातून पहिल्या एसटीनं येणाऱ्या, संध्याकाळच्या एसटीनं परत जाणाऱ्या बायकांनी काय करायचं, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्या मात्र आला होता, कारण त्या बायका माझ्याकडे यायच्या. दुकानाच्या मागं आमचं घर आणि घरामागं आमचा संडास. बाजाराच्या दिवशी परसात रांग असायची. यजमान चिडायचे, पाणी भरून भरून माझी सून थकायची, पण नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं?

त्यातली एक चंद्राबाई. काकड्या, भोपळे, वालाच्या शेंगा घेऊन यायची. सगळ्यांत लांबून येणारी तीच आणि सगळ्यांत भिडस्तही तीच. ती आमच्या परसात कधी आली नाही. माझ्या दुकानाच्या पायरीवर पाटी उतरवायची, दम घ्यायची. मी पाण्याचा तांब्या पुढं केला की हात जोडायची. "नको ताई. पाणी पिलं की पंचाईत." दिवसभर उन्हात बसून ही बाई घोटभर पाणी पीत नसे. तिला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरनं सांगितलं, पाणी भरपूर पी. तिनं त्यांना मान डोलावून दाखवली आणि पुढच्या बाजारी कोरड्या ओठांनीच येऊन बसली. मला तिचा राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

स्वच्छतागृह बांधून झालं तेव्हा मला वाटलं, सुटली बिचारी. नवं दार बसलं, नळ आले, टाकी भरली. आणि दाराला कुलूप लागलं. दारावरून लाल फीत आडवी बांधली गेली. आबांना त्याचं उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते करायचं होतं आणि मंत्र्यांची तारीख मिळत नव्हती. उन्हाळा गेला. पाऊस आला, फितीचा रंग उतरला, ग्रामपंचायतीच्या शिपायानं नवी फीत बांधली. बायका तिच्याकडे बघत बघत माझ्या परसात येत राहिल्या.

गणपतीच्या आधी बाळू नेहमीसारखा विचारायला आला, यंदा काय दाखवायचं? मी म्हटलं, ते कुलूप. मंडळाच्या बैठकीत पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले म्हणे. गणपतीपुढं संडास कसा मांडायचा? देवाला काय वाटेल आणि देवापेक्षा आयाबहिणींना काय वाटेल? मी निरोप धाडला की संडास मांडूच नका. नुसतं बंद दार, कुलूप आणि फीत. एका बाजूला फीत कापणारा, दुसऱ्या बाजूला बायकांची रांग. दारामागं काय आहे ते लिहायचं नाही आणि सांगायचंही नाही.

बाळूनं मनावर घेतलं की घेतलं. गोपींना बाजारकरणी केलं. घराघरांतून जुनी लुगडी गोळा करून मी ती नेसवली, डोक्यावर पाट्या दिल्या. त्यांच्या पायाखाली त्यानं अशी फळी बसवली की सगळ्याजणी या पायावरून त्या पायावर हळूहळू झुलत राहायच्या. फीत कापणाऱ्याला चेहरा होता वसुदेवाचा. शांत, सात्त्विक, कपाळावर गंध. त्याचा हात जाकिटात जाई, कात्री बाहेर काढी, फितीपाशी नेई, वीतभर अलीकडे थांबून हवेतच दोनदा कात्री चालवी आणि पुन्हा खिशात ठेवी. हात तिथंच थांबावा म्हणून बाळूनं मागच्या पट्टीत एक खिळा आडवा मारला होता. पत्र्याची कात्री खोटी दिसत होती म्हणून मी माझी पितळी मुठीची दिली. आबांच्या कात्रीची सख्खी बहीणच ती.

जाकीट मी आबांच्याच बेतानं कापलं. डावा खांदा उतरता घेतला. आत झब्ब्याची बाही आबांची असते तशीच, मनगटापाशी हातभर सैल. आणि एक गोष्ट जन्मात पहिल्यांदा केली. टाचण्या न लावता जाकीट पुतळ्याच्या अंगावर मागून शिवून टाकलं. कोणी सांगितलं आणि पोरांनी घाईत उतरवलं, असं व्हायला नको होतं. यजमान समोर बसून बघत होते. म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर करते आहेस. निवडणूक आली की आबांच्या माणसांची जाकिटं आमच्याकडेच शिवली जात, हे मला माहीत होतंच. रात्रभर डोळा लागला नाही. पण टाका घालून झाला होता आणि उसवायची माझी इच्छा नव्हती.

आमच्याकडची रीत अशी की पहिली आरती आबांची आणि देखाव्याचं बटणही त्यांनीच दाबायचं. ते दरवर्षी येत, त्याही वर्षी आले. बटण दाबलं. पुतळ्यानं हात आत घातला आणि कात्री बाहेर काढली. पुरुषांना ती रांग कसली, हे कळायला वेळ लागला. काहींना ती रेशनची वाटली. बायकांना मात्र त्या झुलणाऱ्या गोपी बघताक्षणी कळलं. मागच्या बाजूनं आधी एक हसली, मग पदर तोंडाला लावून सगळ्याच.

आबांनी पुतळा पुरा दोन वेळा फिरू दिला. मग प्रसाद घेतला आणि जाताना माझ्यासमोर थांबले. "शिलाई झ्याक झालीय, वैनी. डावा खांदा पर लई पाडलाय."

मीही उत्तर दिलं. "कात्रीचं वजन हाय, आबा."

ते मान हलवून जीपमध्ये बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर बाळूकडे निरोप घेऊन आला, की देखावा असू द्या पण जाकीट काढा. बाळू माझ्याकडे आला. मी म्हटलं, ते अंगावर शिवलंय, काढायचं तर कापावं लागेल, आणि ती कात्री पुतळ्याच्या हातात आहे. बाळू हसला. शेवटी त्यानं ड्रायव्हरला सांगितलं की पुतळा वसुदेवाचा आहे, आबांना तो आपला वाटत असेल तर त्यांनी तसं येऊन सांगावं, आम्ही लगेच काढतो. आबा आले नाहीत. असं सांगायला कोण येईल?

मग गणपतीतला बाजाराचा दिवस उजाडला. डोंगरातल्या बायका संध्याकाळच्या एसटीनं परतत, त्यांना देखावा बघायला मिळत नसे, म्हणून त्या दिवशी बाळू दुपारीच मोटर चालू करायचा. आणि त्याच दुपारी आबा माझ्या दुकानात आले. मी थक्क झाले. नंतर कळलं की पुढाऱ्यानं रागावलेलं दिसू नये, हा त्यांचा नियम. शिवाय कारणही होतं. मंत्र्यांची तारीख मिळाली होती, दसऱ्यानंतरची. त्या दिवसासाठी नवं जाकीट हवं होतं.

कापड आधीच बेतून कच्च्या टाक्यावर धरलेलं होतं. मी त्यांना मोठ्या आरशासमोर उभं केलं, जाकीट चढवलं, काखेत आणि कमरेला टाचण्या लावल्या आणि सांगितलं की हात खाली घेऊ नका, टोचेल. आबा दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. तेवढ्यात मंडपाकडून मोठा गलका झाला, हशा झाला, टाळ्या पडल्या आणि एकदम शांत झालं. मग पावलं वाजली आणि ग्रामपंचायतीचा शिपाई धापा टाकत पायरीशी आला.

"आबा, पुतळ्यानं फीत कापली."

झालं होतं असं की झब्ब्याची ती हातभर सैल बाही मागच्या खिळ्याला अडकत होती आणि हात फिरला की दर खेपेला खिळ्याला झटका देत होती. त्या दुपारी खिळा निखळला. अडवायला काही उरलं नाही, हात वीतभर पुढं गेला, कात्री मिटली आणि फीत दोन तुकडे होऊन खाली पडली. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मी तोंडात टाचण्या धरून आबांच्या मागं उभी होते.

शिपायाच्या मागून बायका आल्या. पाट्या, पिशव्या तशाच हातात. सगळ्यांपुढं चंद्राबाई होती. ही बाई चारचौघांत कधी बोललेली मी ऐकली नव्हती. ती उंबऱ्याच्या बाहेर थांबली आणि म्हणाली, "आबा, तुमच्या हातानं उद्घाटन झालं. गणपतीम्होरं झालं. आता कुलूप काढाय सांगा."

आबा आरशाकडे तोंड करून होते, वळता येत नव्हतं. आरशातच बघून त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की मंत्री येताहेत, सगळं ठरलंय, आतापर्यंत थांबलात तसं दसऱ्यापर्यंत थोडं थांबा.

"थांबू की," चंद्राबाई म्हणाली. "मंत्री येईस्तवर धरून ठिवू का?"

कोणी हसलं नाही. शिपायानं मान खाली घातली. आरशात पुढं आबा, अंगात डाव्या खांद्यानं उतरतं जाकीट, दोन्ही हात हवेत. आणि त्यांच्यामागं रांगेनं बायका, उभ्या राहून राहून या पायावरून त्या पायावर होणाऱ्या. दोन घरं पलीकडे, बाळूच्या दुकानासमोरच्या मंडपात जे मांडलं होतं, तेच माझ्या आरशात उभं होतं. आबांनी ते पाहिलं. मला माहीत आहे त्यांनी पाहिलं, कारण त्यांचा हात आपोआप खाली आला आणि टाचणी टोचली. कळवळले नाहीत. शिपायाला एवढंच म्हणाले, "उघड जा."

चावी त्याच्या कमरेलाच होती. इतके महिने.

नंतरचं थोडक्यात सांगते. बाळूनं खिळा दाखवला तेव्हा तो मला म्हणाला, "वैनी, तुमच्या बाहीनं उपटला ह्यो." गाव धरून चाललं की हे मी मुद्दाम केलं. मी सगळ्यांना सांगून पाहिलं, की आबांची बाही सैल असते म्हणून मी सैल ठेवली, बाकी माझ्या मनात काही नव्हतं. कोणाला पटेना. पुढं पुढं मीही सांगायचं सोडून दिलं. फुकटची कीर्ती कोणाला नको असते?

दसऱ्यानंतर मंत्री आले आणि दुसऱ्याच कशाचं तरी उद्घाटन करून गेले. त्या सभेत आबांनी छाती काढून सांगितलं की माताभगिनींची सोय करताना आपण मंत्र्यांचीही वाट पाहिली नाही. मी पहिल्या रांगेत होते आणि टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. दार उघडं होतं, मग श्रेय कोणाला का मिळेना. आबांनी आमचं दुकान सोडलं नाही. पुढचं जाकीट शिवायला टाकताना फक्त म्हणाले, "खिसा ऱ्हाऊ द्या, कात्री बारकी घेतो." आणि गंमत म्हणजे त्यांच्या विरुद्ध पार्टीचे एक उमेदवार मला भेटायला आले. त्यांची तक्रार अशी की आबांचा देखावा झाल्यापासून पोरंठोरंही आबांना ओळखतात, तर पुढच्या वर्षी आमचंही काहीतरी करा. मी विचारलं, तुम्ही काय केलंय? ते म्हणाले, अजून काही नाही. मी म्हटलं, मग पुतळ्याला काय करायला लावू?

आता हलते देखावे राहिले नाहीत. स्पीकरच्या भिंती आल्या, त्यांच्यापुढं वायपरच्या मोटरीचं काय चालणार? पुतळे बाळूच्या माळ्यावर आहेत आणि वसुदेवाच्या अंगावर ते जाकीट अजून आहे, कारण ते निघत नाही. पुढारी तयार जाकिटं घेतात, एका मापाची, सगळ्यांचे खांदे सारखे. थट्टा करायची तर कोणाची करणार, असा मला प्रश्न पडतो. माझी नजरही आता सुईच्या नाकापर्यंत पोचत नाही. पण रुखरुख म्हणावी अशी नाही. देखाव्यानं कोणाचं राज्य गेलं नाही, कोणी सुधारला असंही म्हणवत नाही. एक कुलूप निघालं, ते मी शिवलेल्या बाहीनं निघालं, यात मी सुखी आहे.

विसर्जनानंतरचा पहिला बाजार मला चांगला आठवतो. चंद्राबाई सकाळच्या एसटीनं आली. पायरीवर पाटी उतरवली, पदरानं घाम पुसला. मी मशीनवर होते, उठायला जरा वेळ लागला. तिनं वाट बघितली नाही. आतल्या माठाकडे बघत म्हणाली, "ताई, पाणी दे." मी तांब्या भरून दिला. तिनं उभ्या उभ्या, डोळे मिटून, एका दमात सगळा संपवला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी पुसलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढं धरला.

म्हणाली, "अजून दे."